बंद खोली आणि उघडा तुरुंग

करमणुकीच्या नव्या साधनांविषयी आपल्याकडे बहुधा दोनच सूर निघतात, एक धास्तीचा आणि दुसरा कौतुकाचा. चित्रपट आला तेव्हा हेच झाले, दूरचित्रवाणी संच घरोघर पोहोचले तेव्हाही हेच झाले. या दोन्ही सुरांच्या गलबल्यात समीक्षा तेवढी राहून जाते. एखादी कृती माणसाच्या कल्पनाशक्तीकडून काय मागते आणि तिला परत काय देते, हा प्रश्न आपण कादंबरीला विचारतो, नाटकाला विचारतो. पैसे मोजून स्वतःला तासभर कोंडून घेण्याच्या खेळाला मात्र तो विचारीत नाही. आमच्या मते तो विचारावयास हवा. आपल्या धर्मग्रामांतील मुले-मुली आज कवितासंग्रहापेक्षा या खेळांकडे अधिक ओढीने जातात, एवढेच त्याचे कारण नाही. हा खेळ आता चर्चच्या आवारात येऊ पाहत आहे.

सातारा आणि सांगलीकडील काही कुटुंबांतील युवक-युवतींच्या समवेत पुण्यातील अशा एका स्थळी जाण्याचा योग अलीकडे आम्हांस आला. एकाच छपराखाली दोन दालने होती. एकात डोळ्यांवर जाड चष्मा चढवून आभासी वास्तवात, म्हणजे व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीत शिरावयाचे. दुसऱ्यात कुलूपबंद खोलीत जाऊन साठ मिनिटांच्या आत कोडी सोडवीत बाहेर पडावयाचे. या दुसऱ्या प्रकारास एस्केप रूम म्हणतात. परतीच्या वाटेवर कात्रजचा बोगदा येण्यापूर्वीच मुलांचे दोन बेत पक्के झाले होते. पहिला असा की, येत्या प्रायश्चित्तकाळात असे चष्मे भाड्याने आणून धर्मग्रामातील वयोवृद्धांना यरुशलेममधील क्रूसाची वाट दाखवावी. दुसरा असा की, धर्मग्रामाच्या सणाच्या दिवशी शाळेच्या एका वर्गात सांगलीच्या तुरुंगफोडीवर बेतलेली सुटकेची खोली उभारावी. बेत उत्साहाचे आहेत आणि त्यांच्यामागील भावना चांगली आहे. म्हणूनच त्यांना नुसते 'हो' किंवा नुसते 'नाही' म्हणणे आम्हांस योग्य वाटत नाही.

प्रथम खोलीविषयी. हा प्रकार जपानात जन्मला. २००७ साली क्योटो शहरात ताकाओ काटो यांनी तो प्रथम लोकांसमोर मांडला, असे मानले जाते. संगणकाच्या पडद्यावर बंद खोलीतून बाहेर पडण्याचे खेळ त्यापूर्वीच लोकप्रिय होते. पडद्यावरची खोली काटो यांनी विटा-लाकडाच्या जगात आणली आणि एका खेळाडूच्या जागी मंडळी आणली. ही दुसरी गोष्ट आम्हांस पहिलीपेक्षा महत्त्वाची वाटते. आमच्या वाट्यास आलेली खोली तुरुंगाची होती. आत शिरताना भ्रमणध्वनी काढून घेण्यात आले, पट्ट्यापट्ट्यांचे सदरे देण्यात आले, दार लागले आणि भिंतीवरील घड्याळ उलटे धावू लागले. मग सुरू झाली ती शोधाशोध. गादीखाली चिठ्ठी, चिठ्ठीत आकडा, आकड्याने पेटी उघडावी तर पेटीत जांभळ्या प्रकाशाची विजेरी, आणि विजेरी भिंतीवर धरली की न दिसणारी अक्षरे दिसू लागत.

या तासाचे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल. एरवी एका घरात राहूनही ज्यांचे संभाषण होत नाही, अशी भावंडे येथे एकमेकांस हाका मारून बोलत होती. आमच्या गटात सर्वांत मागे राहणारी, कोणी विचारल्याखेरीज तोंड न उघडणारी एक मुलगी होती. भिंतीवर कैद्याने दिवस मोजण्यासाठी ओढलेल्या म्हणून ज्या रेघा होत्या, त्यांच्या जुडग्यांतच कुलुपाचा आकडा दडला आहे, हे तिने ओळखले. आणि नंतरची वीस मिनिटे सर्वजण तिच्या तोंडाकडे पाहू लागले. वक्तृत्वस्पर्धांनी जे साधले नाही ते एका पत्र्याच्या कुलुपाने साधले. जो खेळ माणसांस एकमेकांची गरज भासवितो, त्यात काही सत्त्व आहे असे आम्ही मानतो.

उणीव दिसते ती निराळ्या ठिकाणी. त्या तुरुंगात कैदी नव्हता. भिंतीवरच्या रेघा कोणी ओढल्या, कोणत्या अपराधासाठी तो येथे आला, बाहेर त्याची वाट पाहणारे कोणी होते काय, यांपैकी काहीही त्या खोलीस ठाऊक नव्हते आणि ठाऊक करून घ्यावयाचेही नव्हते. गादी होती ती चिठ्ठी लपविण्यासाठी, रेघा होत्या त्या आकड्यासाठी. चांगल्या कथेत वस्तूला स्वतःचे आयुष्य असते, मग ती कथेच्या उपयोगी पडते. येथे प्रत्येक वस्तू कुलुपाची चाकर आहे. म्हणून बाहेर पडल्यावर मागे काही उरत नाही. किती मिनिटे शिल्लक होती, हा आकडा तेवढा उरतो, आणि फलक हातात धरून काढलेले छायाचित्र. छतातील ध्वनिवर्धकातून मागेल त्याला तीन वेळा सूचना देणारा एक आवाजही होता. आमच्यातील एका तरुणाने त्याची तुलना प्रार्थनेशी केली. त्याचा विनोद आम्हांस आवडला, तुलना नाही. तीन सूचनांनंतर तो आवाज गप्प बसतो, आणि चौथीचे वेगळे पैसे पडतात.

आता चष्म्याकडे वळू. ही कल्पना आजची नाही. मॉर्टन हायलिग या अमेरिकन छायाचित्रणकाराने १९६२ साली 'सेन्सोरामा' नावाच्या यंत्राचे पेटंट मिळविले होते; त्यात चित्राबरोबर वारा, गंध आणि आसनाची थरथरही प्रेक्षकास मिळे. १९६८ साली आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर चढविण्याचे जे साधन सिद्ध केले, ते इतके जड होते की छतास टांगूनच वापरावे लागे. आजचा चष्मा शालेय दप्तरात मावतो. युक्ती मात्र तीच: दोन डोळ्यांना किंचित भिन्न चित्रे दाखवावयाची आणि मान वळेल तसे चित्रही वळवावयाचे. मेंदूला एवढे पुरते. आम्हांस एका उत्तुंग इमारतीच्या गच्चीवरून बाहेर काढलेल्या फळीवर उभे करण्यात आले. पायांखाली सतरंजी आहे हे पक्के ठाऊक असूनही गुडघे लटपटले, तळव्यांना घाम सुटला. आमच्याबरोबरच्या एका गृहस्थांना मळमळू लागले. डोळे म्हणतात हललो आणि कानाच्या आतील तोल सांभाळणारा अवयव म्हणतो जागेवरच आहोत. या भांडणात पोट ढवळते, असे सांगतात.

या अनुभवात जोर आहे. परंतु हा जोर कोणाचा? नाटक पाहताना आपण विश्वास उसना देतो. चष्मा विश्वास मागत नाही, तो शरीराकडून परस्पर वसूल करतो. मन काही बोलण्याच्या आत गुडघे बोलून मोकळे होतात. आमच्या मते या साधनाच्या सामर्थ्याचे आणि मर्यादेचे मूळ हेच आहे. ते भीती निर्माण करू शकते, आश्चर्यही निर्माण करू शकते. कल्पना करण्याचे काम मात्र ते प्रेक्षकाकडून काढून घेते.

सांगलीच्या वाचकांस हे अधिक स्पष्ट करून सांगण्याची गरज नसावी. १८४३ साली याच नगरीत, चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने, विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' उभे केले आणि मराठी रंगभूमीचा आरंभ झाला. सूत्रधार पद गाई, नट त्यास अनुसरून आपल्या शब्दांत बोलत, राक्षस आरडाओरडा करीत रंगमंचावर येत. पुढे या धाटणीच्या नाटकांना 'अलालडुर्र' म्हणून हिणविण्यात आले, तेही समजण्यासारखे आहे. तथापि त्या रात्री जनकाची सभा कोणी आणून ठेवली होती? ती प्रेक्षकांनी आपल्या डोक्यात बांधली. अर्धे नाटक भाव्यांचे, अर्धे सांगलीकरांचे. चष्म्यात सर्वच चष्म्याचे असते.

यावर कोणी म्हणेल की, भक्तीच्या क्षेत्रात तर आपणच या मार्गाचे जुने प्रवासी आहोत. हे खरे आहे. १२२३ च्या नाताळात असिसीच्या संत फ्रान्सिसने ग्रेच्चो गावी गवत, बैल आणि गाढव आणून बेथलेहेमची रात्र उभी केली. आपल्या घरोघरच्या गोठ्याची परंपरा तेथून सांगितली जाते. पंधराव्या शतकाच्या अखेरीस बेर्नार्दिनो काइमी या फ्रान्सिस्कन संन्याशाने उत्तर इटलीतील वराल्लो येथील टेकडीवर दुसरे यरुशलेम बांधावयास घेतले. पवित्र भूमीची यात्रा ज्यांना घडणे शक्य नव्हते, त्यांच्यासाठी तेथे पुढे चाळीसहून अधिक छोटी मंदिरे आणि शेकडो पुतळे उभे राहिले. संत इग्नाशियसच्या 'आध्यात्मिक साधने'त, ज्यास पोप तिसरे पॉल यांनी १५४८ साली मान्यता दिली, साधकाने प्रत्येक चिंतनाच्या आरंभी प्रसंगाचे स्थळ मनश्चक्षूंपुढे आणावयाचे असते: रस्ता किती लांब, गुहा किती बुटकी. ज्यांनी येशूसंघीय धर्मगुरूंच्या मार्गदर्शनाखाली कधी एकांतसाधना केली असेल, त्यांना ही रीत परिचित आहे. मग चष्म्याने असे काय वेगळे केले?

वेगळे केले ते असे की, इग्नाशियस रस्त्याची लांबी सांगत नाही. ती तो साधकास ठरवावयास लावतो. एका साधकाचा रस्ता माणदेशातील फुफाट्याचा असेल, दुसऱ्याचा कोयनेकाठच्या चिखलाचा. ग्रेच्चोत बैल होता, पण तो गावातलाच बैल होता. पाहणाऱ्याच्या जगाला धरूनच ती रात्र उभी राहिली.

येथे एका विशिष्ट कृतीचे उदाहरण घेणे उचित होईल. २०१६ च्या व्हेनिस चित्रपट महोत्सवात 'जीझस व्हीआर: द स्टोरी ऑफ क्राइस्ट' या आभासी चित्रपटाचा काही भाग दाखविण्यात आला. दिग्दर्शक डेव्हिड हॅन्सन. चित्रण दक्षिण इटलीतील मातेरा या पुरातन दगडी नगरात. प्रेक्षक प्रसंगाच्या मधोमध असतो आणि चारही दिशांना पाहू शकतो. त्याच मातेरात पिएर पाओलो पाझोलिनी यांनी 'मत्तयकृत शुभवर्तमान' चित्रित केले होते. तो चित्रपट १९६४ चा, कृष्णधवल. त्यातील नटवर्ग बहुतांशी व्यवसायाने नट नसलेल्या माणसांचा. पाझोलिनी श्रद्धाळू म्हणून ओळखले जात नव्हते, तरी त्यांनी ती कृती पोप तेविसावे जॉन यांच्या स्मृतीस अर्पण केली. क्रूसापाशी उभ्या असलेल्या वृद्ध मरियेची भूमिका त्यांच्या स्वतःच्या आईने केली आहे.

दोन्ही कृतींत दगड तेच आहेत. अंतर आहे ते दृष्टीचे. सर्व दिशांना उघड्या असलेल्या चित्रात दिग्दर्शकास निवड करता येत नाही. प्रेक्षक कालवारीवर उभा राहून मागच्या शेळीकडे पाहत बसला, तर त्यास अडविणार कोण? जवळून चेहरा दाखविण्याची सोयही त्या साधनात फारशी नाही. पाझोलिनी मात्र कॅमेरा त्या वृद्धेच्या चेहऱ्यावर नेतात आणि आपणांस इतरत्र पाहू देत नाहीत. शुभवर्तमानकारांनी तरी दुसरे काय केले? त्या शुक्रवारी बाजारात काय भाव होते, हे मत्तय सांगत नाही. कोणाच्या तरी डोळ्यांनी पाहिल्याखेरीज घटनेची साक्ष होत नाही, आणि आपला सर्व विश्वास साक्षीवर उभा आहे. मोकळी मान ही साक्ष नव्हे.

साधन मुळातच निकामी आहे असे मात्र आम्ही म्हणत नाही. मेक्सिकोचे दिग्दर्शक अलेहांद्रो इन्यारितू यांनी २०१७ साली कान महोत्सवात 'कार्ने इ आरेना' ही आभासी कृती सादर केली, आणि त्याच वर्षी तिला विशेष ऑस्कर जाहीर झाले. विषय मेक्सिकोची सीमा चोरून ओलांडणाऱ्या निर्वासितांचा. एका वेळी एकाच माणसास प्रवेश. प्रथम एका थंडगार कोठडीत, सीमेवर सापडलेल्या जुन्या पादत्राणांमध्ये अनवाणी थांबावयाचे. मग वाळूवर उभे राहून सुमारे साडेसहा मिनिटे वाळवंटातील ती धरपकड पाहावयाची. आणि बाहेर पडताना ज्या माणसांच्या कहाण्यांवर हे बेतले, त्यांचे चेहरे व कैफियती समोर येतात. चष्मा येथे मधल्या साडेसहा मिनिटांपुरता आहे. त्याच्या अलीकडे खरी थंडी आहे आणि पलीकडे खरी माणसे आहेत. पुण्याच्या फळीच्या अलीकडे-पलीकडे फक्त पैशाची खिडकी होती.

पहिल्या बेताविषयी आमचे मत यावरून उघड आहे. ज्या आजींना आता अंथरुणावरून उठवत नाही, त्यांना चष्म्यातून यरुशलेमच्या गल्ल्या दाखविण्यास आमची हरकत नाही. वराल्लोच्या टेकडीने तेच केले होते. पण चष्मा चढवून त्यांना एकटे सोडू नये. नातवाने शेजारी बसावे, हात हातात घ्यावा, दोन-तीन मिनिटांनंतर चष्मा उतरवावा आणि ते स्थान मोठ्याने वाचावे. चर्चमध्ये चौदा स्थानांपुढे गुडघे टेकणाऱ्या समुदायाच्या जागी चष्म्यांची रांग लावणे मात्र आम्हांस मुळीच रुचत नाही. क्रूसाच्या वाटेवर शेजाऱ्याचे हुंदके ऐकू येतात. चष्म्यात शेजारी नसतो.

दुसरा बेत अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण त्याचा विषय आपल्या मातीतला आहे. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगलीच्या किल्ल्यातील तुरुंग फोडला. 'चले जाव' लढ्याचे ते दिवस. शेजारच्या सातारा जिल्ह्यात प्रतिसरकारची जुळवाजुळव चालली होती आणि सांगली हे संस्थान होते. पहारेकऱ्यांच्या बंदुका हिसकावून या तरुणांनी तटावरून खंदकात उड्या घेतल्या. आषाढ-श्रावणाच्या सांध्यावरचे दिवस, कृष्णा दुथडी भरलेली. पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव गोळ्यांना बळी पडले. वसंतदादांच्या खांद्यास गोळी लागली आणि ते पकडले गेले. ज्यांनी २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या पेठांत शिरलेले पाणी पाहिले आहे, त्यांना त्या उडीचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

याची खोली कशी करणार? मुलांचा आराखडा आम्ही पाहिला. त्यात पहारेकऱ्याच्या खिशातील किल्ली आहे, तटाच्या नकाशाचे तुकडे आहेत, शेवटी निळ्या कापडाची कृष्णाही आहे. मुलांनी मेहनत घेतली आहे. परंतु त्या आराखड्यात पत्रावळे आणि जाधव यांना जागा नाही, आणि असणारही नाही, कारण या खेळाचा करारच असा आहे की सुटका शक्य असलीच पाहिजे. उत्तर आधी कोणी तरी लिहून ठेवलेले असते. वेळ संपला तरी सेवक हसतमुखाने दार उघडतो. १९४३ च्या त्या दिवशी उत्तर कोणीही लिहून ठेवलेले नव्हते. तटावरून उडी घेणाऱ्यास पलीकडचा काठ मिळेल, असे आश्वासन कोणी दिले नव्हते. दोन मृत्यू वगळून ती उडी खेळावयास दिली, तर आपण मुलांना इतिहास देत नाही, इतिहासाचा पोशाख देतो. आम्ही पट्ट्यापट्ट्यांचे सदरे घातले होते त्यातलाच हा प्रकार.

याच ठिकाणी दाराविषयी एक रुक्ष पण आवश्यक गोष्ट सांगून टाकतो. पोलंडमधील कोशालिन शहरात ४ जानेवारी २०१९ रोजी अशाच एका सुटकेच्या खोलीत आग लागली आणि वाढदिवस साजरा करावयास आलेल्या पंधरा वर्षांच्या पाच मुली आत गुदमरून गेल्या. २५ मे २०२४ रोजी, शाळांच्या उन्हाळी सुटीत, राजकोटमधील एका गेम झोनला लागलेल्या आगीत पंचवीसहून अधिक जीव गेले. त्यांत मुलेही होती, आणि त्या जागेस अग्निशमन विभागाचा ना-हरकत दाखला नव्हता, हे नंतर उघड झाले. आम्ही गेलो तेथे दार आतून एका बटणाने उघडत होते, आणि ते आरंभीच दाखविण्यात आले. ज्या पालकांची मुले अशा ठिकाणी जातात, त्यांनी तिकिटाच्या दराआधी त्या बटणाची चौकशी करावी. शाळेच्या वर्गात खोली उभारली, तर दारास बाहेरून कडी मुळीच लावू नये, पडद्यांचे कापड आणि थर्मोकोल विजेच्या दिव्यांपासून दूर ठेवावे, आणि एक मोठा माणूस सतत आत असावा. यात समीक्षा नाही, हे आम्हांस ठाऊक आहे.

सुटकेची खोली ज्या जातीची गोष्ट सांगू शकते, तीत एकच क्रियापद आहे: बाहेर पडणे. तिच्या आवाक्याबाहेरची एक तुरुंगकथा याच दोन जिल्ह्यांत घडली आहे, आणि आश्चर्य असे की मुलांपैकी एकासही ती ठाऊक नव्हती. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे आणि आटपाडी सांगली जिल्ह्यात. पूर्वी दोन्ही औंध संस्थानची होती. तेथील राजे भवानराव पंतप्रतिनिधी म्हणजे सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते आणि चित्रसंग्रहालयाचे निर्माते. १९३९ साली त्यांनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने प्रजेस स्वराज्याची राज्यघटना दिली. या कामात त्यांच्या सोबत मॉरिस फ्रीडमन नावाचा एक पोलिश अभियंता होता, वॉर्सोच्या ज्यू कुटुंबात जन्मलेला आणि भारतात येऊन भारतानंद झालेला. याच फ्रीडमनच्या आग्रहावरून आटपाडीजवळच्या उजाड माळावर 'स्वतंत्रपूर' वसविण्यात आले. ती कैद्यांची वसाहत होती. गंभीर गुन्ह्यांसाठी शिक्षा भोगणारे कैदी तेथे आणले गेले, आणि त्यांच्याभोवती भिंत बांधली गेली नाही.

वसाहतीतील माणसे माळ फोडून शेती करीत आणि बायकामुलांसह राहत. पळून जाण्यास काही कोडे सोडवावे लागत नव्हते, अंधार पडला की चालू लागले तरी पुरे. या तुरुंगात कुलूप दारास नव्हते. जे काही होते ते माणसाच्या आत होते, आणि त्याची किल्ली दुसऱ्या कोणी गादीखाली लपवून ठेवलेली नव्हती. आणखी एक गोष्ट आमच्या मनात राहते. सांगली आणि आटपाडी यांमधील अंतर एका सकाळच्या एसटी प्रवासाचे. १९४३ साली एका टोकाला माणसे तटावरून जीव धोक्यात घालून उडी घेत होती, तर दुसऱ्या टोकाला तट नसतानाही राहत होती. दोन्हींना आपण स्वातंत्र्यच म्हणतो. औंध संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. स्वतंत्रपूर त्यानंतरही खुली वसाहत म्हणून चालू राहिले.

याच वसाहतीवरून प्रेरणा घेऊन आटपाडीच्याच परिसरात वाढलेल्या ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' निर्माण केला. सहा खुनी कैदी, एक तुरुंगाधिकारी आणि एक ओसाड माळ. कैदी पळतात आणि परत येतात, कारण त्या अधिकाऱ्याचे डोळे त्यांच्या पाठीवर असतात. पहारेकऱ्याचे डोळे नव्हेत ते, विश्वास टाकणाऱ्याचे. चित्रपटातील काही प्रसंग आज भाबडे वाटतील. खेळणी विकणारीचे गाणे आम्हांस थोडे लांबलेले वाटते, हेही सांगून टाकतो. परंतु १९५८ च्या बर्लिन महोत्सवात या कृतीस रौप्य अस्वलाच्या सन्मानाबरोबर आंतरराष्ट्रीय कॅथोलिक चित्रपट संघटनेचा पुरस्कारही मिळाला, हे आपल्या समाजातील किती जणांना ठाऊक आहे? आटपाडीच्या माळावर जे घडले त्यात आपला काही वाटा आहे, हे त्या परीक्षकांनी ओळखले.

त्यांना ते ओळखणे अवघड गेले नसावे. 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथात दोन तुरुंग आहेत. बाराव्या अध्यायात देवदूत पेत्राच्या बेड्या गळून पाडतो, लोखंडी फाटक आपोआप उघडते आणि पेत्र रस्त्यावर येतो. सुटकेच्या खोलीस हा अध्याय सहज समजेल. सोळाव्या अध्यायात फिलिप्पै येथे भूकंप होतो, सर्व दारे उघडतात, सर्वांच्या बेड्या सुटतात, आणि पौल व सीला जागचे हलत नाहीत. कैदी पळाले असे समजून बंदिशाळेचा नायक स्वतःवर तलवार उपसतो, तेव्हा काळोखातून पौल त्यास सांगतो की आम्ही सारे येथेच आहोत. त्या रात्री सुटका झाली ती त्या नायकाची, त्याच्या घरादारासह. उघड्या दारातून बाहेर न पडण्याने दुसऱ्याचा जीव वाचतो, ही गोष्ट कोणत्या कुलुपात बसवावयाची?

आम्ही मुलांना सुचविले आहे की खोली करावयाचीच असेल तर अशी करावी: दार आरंभापासून सताड उघडे, आत सहा माणसे, सहांच्या सहा चिठ्ठ्या, आणि जो बाहेर पडेल त्याच्या जाण्याने आतील कोणाचे काय होईल, एवढेच त्या चिठ्ठीत लिहिलेले. आराखडा काढणारा मुलगा बराच वेळ गप्प राहिला, मग त्याने विचारले, "पण मग खेळ संपणार केव्हा?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर त्यालाच शोधावयाचे आहे; कोडी रचण्याचे कसब आमच्यापेक्षा त्याला अधिक आहे. त्याने निळ्या कापडाची कृष्णा अद्याप टाकून दिलेली नाही. तटाच्या पायथ्याशी दोन नावांची पाटी ठेवण्यास मात्र तो कबूल झाला आहे.

तोपर्यंत दुसरी एक गोष्ट लगेच करण्यासारखी आहे. प्रायश्चित्तकाळातील एखाद्या शुक्रवारी, क्रूसाच्या वाटेनंतर, शाळेच्या सभागृहात 'दो आँखें बारह हाथ' दाखवावा. चित्रपट दोन तासांहून अधिक आहे, तेव्हा क्रूसाची वाट सायंकाळी थोडी लवकर घ्यावी लागेल, आणि लहान मुलांसाठी पुढच्या बाजूस सतरंज्या अंथराव्या लागतील.